लाकूड, खण आणि घर : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील इमारती लाकडाच्या टंचाईचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्न आणि वस्त्र यांच्या इतिहासाकडे महाराष्ट्रातील अभ्यासकांनी जेवढे लक्ष दिले, तेवढे निवाऱ्याच्या इतिहासाकडे दिलेले नाही. वाड्यांच्या वास्तुशैलीवर विपुल लेखन झाले आहे. परंतु सामान्य शेतकऱ्याचे घर कशाचे बनले, त्यासाठी लागणारे साहित्य त्याला कोठून आणि कोणत्या अटींवर मिळाले, हा प्रश्न बहुधा दुय्यम राहिला. घराच्या साहित्यापैकी माती आणि दगड हे गावातच उपलब्ध असत. लाकडाचे तसे नव्हते. लाकूड वाढण्यास काळ लागतो, ते दूरवरून आणावे लागते आणि त्यावर सत्तेचा हक्क सांगता येतो. म्हणूनच घराच्या इतिहासात लाकूड हा निर्णायक घटक ठरतो.

मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या वायदेबाजारात १,००० बोर्ड फूट लाकडाचा भाव १,६०० डॉलरच्या वर गेला आणि तेथील घरबांधणी महागली. करोना साथीच्या काळातील ही घटना जगभर चर्चिली गेली. लाकडाची टंचाई ही अचानक उद्भवणारी आणि भावातून व्यक्त होणारी गोष्ट आहे, असा समज त्यातून दृढ झाला. अहमदनगर जिल्ह्याचा इतिहास मात्र याहून वेगळी बाजू दाखवितो. येथे टंचाई जुनी आहे. किंबहुना घराची रचनाच तिला सामावून घेत घडली. बदलले ते टंचाईचे स्वरूप. लाकूड पूर्वी शेतातून, गावाच्या हद्दीतून किंवा रानातून मिळण्याची वस्तू होते. एकोणिसाव्या शतकापासून ते परवानगीने आणि पैशाने मिळण्याची वस्तू झाले. या स्थित्यंतराचा घरबांधणीवर काय परिणाम झाला, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. ऐतिहासिक विवेचनाच्या सोयीसाठी येथे पूर्वीचे नाव वापरले आहे.

भूगोल, पर्जन्य आणि वृक्षसंपदा

सुमारे १७,०४८ चौ. कि.मी. क्षेत्रफळाचा हा जिल्हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांची सह्याद्रीची रांग आहे. घाटघर परिसरात वर्षाला ४,००० मि.मी. हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे काही मैलांतच पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. नगर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत पावसाचे मान अल्प आणि अनिश्चित असून अवर्षण हा तेथील नित्याचा अनुभव आहे.

या विषमतेचे प्रतिबिंब वृक्षसंपदेत पडलेले दिसते. अकोल्याच्या डोंगराळ भागात साग, ऐन, हिरडा, जांभूळ यांसारखी झाडे आढळतात. पूर्वेकडील पठारावर मात्र बाभूळ, कडुनिंब, हिवर, बोर ही झाडे प्रामुख्याने दिसतात. नदीकाठी बाभळीची बने असत. बाभळीचे लाकूड कठीण व चिवट असल्याने ते नांगर, वखर, गाडीची चाके यांसाठी उत्तम. परंतु ते लांब व सरळ क्वचितच मिळते. कडुनिंबाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून तो घरासाठी पसंत केला जाई. थोडक्यात, जिल्ह्याच्या बहुतांश भागात घर बांधण्यास उपलब्ध असलेले लाकूड आखूड आणि वाकडे होते. लांब, सरळ, टिकाऊ सागवान हवे असल्यास ते बाहेरून आणणे भाग होते.

खण : टंचाईने ठरविलेले माप

पठारावरील पारंपरिक घर म्हणजे धाब्याचे किंवा माळवदाचे घर. जाड भिंती दगडमातीच्या. परंतु छताचा भार प्रामुख्याने भिंतींलगत व मधोमध उभ्या केलेल्या लाकडी खांबांवर. दगडी उथळ्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलच्यांचा किंवा फळ्यांचा थर, त्यावर झाडपाला आणि शेवटी चांगली चोपून बसविलेली पांढरी माती, अशी ही रचना. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नव्या मातीचा थर देण्याची प्रथा होती. दोन तुळयांमधील अंतराला ‘खण’ म्हणत आणि घराचे मोजमाप खणांच्या संख्येने होई. तीन खणांचे घर, पाच खणांचे घर, हे शब्दप्रयोग कुटुंबाच्या ऐपतीचे निदर्शक होते.

या मापाचा लाकडाच्या उपलब्धतेशी थेट संबंध आहे. तुळई व कडी यांच्या लांबीपलीकडे खण वाढविता येत नाही. खोली मोठी करावयाची तर मध्ये खांब उभा करावा लागतो. जुन्या घरांच्या सोप्यात आणि माजघरात जवळजवळ उभे असलेले खांब दिसतात, त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हे बंधन अधिक आहे. शिवाय उतरत्या छपराला आढे आणि वासे लांब व सरळ लागतात. सपाट छताला आखूड, प्रसंगी थोडे वाकडे लाकूडही चालते, कारण वरचा मातीचा थर उंचसखलपणा झाकून टाकतो. पाऊस कमी असल्यामुळे सपाट मातीचे छत शक्य झाले आणि स्थानिक लाकूड आखूड असल्यामुळे ते सोयीचे ठरले. माळवद हा अशा रीतीने दुहेरी परिस्थितीला दिलेला प्रतिसाद होता.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मातीचे छत अतिशय जड असते. ते पेलण्यासाठी लाकूड आखूड चालले, तरी जाड आणि भरपूर लागते. ज्या प्रदेशात लाकूड कमी, त्याच प्रदेशात घराचा सर्वांत मोलाचा भाग लाकूड हाच होता. म्हणून घर पडले तरी लाकूड फुकट जात नसे. जुन्या घराच्या तुळया नव्या घराला वापरणे, भाऊहिश्श्यात खणांची आणि दारांची वाटणी होणे, या गोष्टी स्वाभाविक मानल्या जात. लाकूड ही पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होणारी मालमत्ता होती.

अकोल्याच्या डोंगरी भागातील घर याहून वेगळे. महादेव कोळी व ठाकर समाजांची घरे लाकडी मेढींवर उभी राहत. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमातीने सारवलेल्या. छप्पर उतरते, गवताचे किंवा कौलांचे. येथे पाऊस अधिक असल्याने सपाट छत अशक्य होते, परंतु मेढी, वासे आणि कारवी ही तिन्ही जवळच्या रानातून मिळत. या घराला पैसा जवळजवळ लागत नसे. रानात जाण्याची मुभा मात्र अनिवार्य होती.

ब्रिटिशपूर्व काळातील लाकूड : हक्क आणि मर्यादा

ब्रिटिशांच्या आगमनापूर्वी जंगल सर्वांना मुक्त होते, असे सरसकट विधान करणे योग्य होणार नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्पष्ट निर्देश आहेत. सागासारखे लाकूड परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलुखातून खरेदी करून आणावे. आंबा, फणस यांसारख्या रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण ती वाढविण्यास रयतेला दीर्घकाळ कष्ट पडतात. एखादे अगदी जीर्ण झाड घ्यावयाचे तर मालकाला राजी करून आणि मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्याला लाकडाची निकड होती, टंचाईची जाणीव होती आणि झाडावरील रयतेच्या हक्काची दखलही होती, हे यावरून स्पष्ट होते.

गावपातळीवर लाकडाचा व्यवहार बलुतेदारीच्या चौकटीत होत असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतील. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती हे त्याचे बलुत्याचे काम. लाकूड शेतकऱ्याने आणावयाचे आणि घडण सुताराने करावयाची. अशा व्यवस्थेत बांधावरची बाभूळ किंवा विहिरीजवळचा कडुनिंब ही शेतकऱ्याची शिल्लक होती. मुलाच्या वाट्याला येणाऱ्या घराच्या तुळईसाठी झाड राखून ठेवणे हा शेतीच्या नियोजनाचाच एक भाग होता.

सत्ताधारी वर्गापुढे मात्र इतर पर्याय होते. निजामशाहीच्या काळात उभ्या राहिलेल्या नगरच्या मशिदी, कबरी आणि महाल यांत दगड, चुना, कमान आणि घुमट यांचा वापर प्रामुख्याने दिसतो. मोठे अंतर लाकडाशिवाय झाकण्याचे तंत्र त्या कारागिरांना अवगत होते. अठराव्या शतकात मराठा सरदारांनी व त्यांच्या कारभाऱ्यांनी बांधलेल्या वाड्यांत लाकूड पुन्हा मध्यवर्ती झाले. पारनेर तालुक्यातील पळशी येथील होळकरांच्या दिवाणांचा, म्हणजे पळशीकरांचा, वाडा त्यातील कोरीव लाकूडकामासाठी प्रसिद्ध आहे. कोरडवाहू पठारावर एवढे लाकूड उभे करणे ही गोष्टच संपत्तीची आणि सत्तेची खूण होती. सामान्यांचे घर गावच्या बाभळीवर आणि निंबावर, तर सरदारांचे घर दूरच्या सागावर, असा हा भेद होता.

वनखाते, कायदे आणि लोहमार्ग

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर हा प्रदेश ब्रिटिश अमलाखाली आला. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. जहाजबांधणीसाठी सागाचा पुरवठा टिकविणे ही सरकारची जुनी चिंता होती; तिच्यात पुढे लोहमार्गांच्या गरजेची भर पडली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मार्ग घाट ओलांडून दख्खनमध्ये पोहोचले. स्लीपर, पूल, स्थानके, सुरुवातीच्या काळातील इंजिनांचे जळण या सर्वांसाठी लाकूड लागले. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय वनखाते स्थापन झाले. १८६५ आणि १८७८ मध्ये वन कायदे झाले.

१८७८ चा कायदा या विषयाच्या दृष्टीने निर्णायक होय. त्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग केले. राखीव वनात चौकशीअंती मान्य झालेले हक्क तेवढे टिकले. बाकीचे संपुष्टात आले. जे उरले त्याला पुष्कळदा ‘सवलत’ असे नाव मिळाले. हक्क आणि सवलत यांतील फरक घर बांधणाऱ्याला लगेच जाणवणारा होता. हक्काचे लाकूड गरज पडेल तेव्हा आणता येते. सवलतीचे लाकूड अर्ज करून, परवाना मिळवून, ठरवून दिलेल्या जागेतून व ठरवून दिलेल्या प्रमाणात आणावे लागते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने शेतजमिनीवरील झाडांच्या मालकीविषयी स्वतंत्र तरतुदी केल्या. सरकारने राखून ठेवलेली झाडे वगळता इतर झाडे भोगवटादाराची मानली गेली. परिणामी पठारावरील शेतकऱ्याच्या हाती बांधावरची बाभूळ राहिली, परंतु मोलाचे लाकूड सरकारकडे गेले. अकोल्यातील डोंगरी शेतकऱ्याची स्थिती अधिक बिकट झाली. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यास लागणाऱ्या फांद्या आणि घरासाठी लागणाऱ्या मेढी हे दोन्ही त्याच रानातून येत आणि दोन्हींवर आता निर्बंध होते.

या बदलाची सामाजिक प्रतिक्रिया तत्काळ उमटली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्याच्या धोरणावर कठोर टीका केली आहे. डोंगर, गायराने आणि पडीक जमिनी जंगलात सामील झाल्याने शेतकऱ्याच्या गुरांचे आणि शेतीचे कसे हाल झाले, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. याच काळात, १८८४ मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अहमदनगरविषयक सतरावा खंड प्रसिद्ध झाला. फुल्यांचा ग्रंथ आणि गॅझेटिअर शेजारी ठेवून वाचले असता एकाच वनाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समोर येतात. प्रशासनासाठी वन हे उत्पन्नाचे आणि संरक्षणाचे क्षेत्र होते, तर शेतकऱ्यासाठी ते उपजीविकेचे आणि निवाऱ्याचे कोठार.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड हा सुमारे २३५ कि.मी. लांबीचा लोहमार्ग सुरू झाला आणि अहमदनगर रेल्वेने जोडले गेले. श्रीगोंदे, नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव हा पट्टा यामुळे मुंबईच्या बाजारपेठेच्या निकट आला. मुंबईला तेव्हा ब्रह्मदेशातील साग मोठ्या प्रमाणावर येत असे. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा तो मुख्य व्यवसाय होता. सागाच्या तोडीवरील देण्यांवरून या कंपनीचा ब्रह्मदेशाच्या राजाशी झालेला वाद हे १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे एक निमित्त ठरले. रेल्वेमुळे अशा दूरदेशीच्या लाकडाला नगरच्या बाजाराची वाट खुली झाली. पैसेवाल्याची टंचाई रेल्वेने कमी केली. ज्याच्याजवळ रोख पैसा नव्हता, त्याच्यासाठी मात्र रान बंद झाले होते आणि वखार आवाक्याबाहेर होती. टंचाईच्या सामाजिक स्वरूपाचा उगम या दोन घटनांच्या एकत्र येण्यात आहे.

दोन महायुद्धे

विसाव्या शतकात लाकडाच्या पुरवठ्याला दोन मोठे धक्के बसले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत मेसोपोटेमियातील आघाडीसाठी हिंदुस्थानातून इमारती लाकूड रवाना झाले. दुसऱ्या महायुद्धात ही मागणी कित्येक पटींनी वाढली. १९४० मध्ये केंद्रीय पुरवठा खात्याअंतर्गत लाकडासाठी स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेल्यावर ब्रह्मी सागाची आयात थांबली आणि देशी जंगलांवरचा ताण एकदम वाढला. लष्करी बराकी, पेट्या, पूल, गाड्या या सर्वांसाठी लाकडाला अग्रक्रम होता. खाजगी घरबांधणी साहजिकच मागे पडली. अहमदनगर हे लष्करी ठाणे असल्याने युद्धकाळातील हे अग्रक्रम या शहराला परके नव्हते.

युद्धकालीन टंचाईचा एक दूरगामी परिणाम असा की, लाकडाला पर्याय शोधण्याची प्रवृत्ती बळावली. सिमेंट आणि लोखंड यांचाही त्या वेळी तुटवडाच होता. तथापि पुढील पिढीचे घर लाकडाचे असणार नाही, ही दिशा याच काळात निश्चित झाली.

कौल, पत्रा आणि स्लॅब

छताच्या साहित्यात झालेले बदल लाकूडटंचाईच्या दृष्टीने पाहिले तर त्यांत एक सुसंगती आढळते. माळवदाला लाकूड सर्वाधिक लागे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले पश्चिम भारतात सर्वत्र पसरली. ही कौले देशी कौलांपेक्षा मोठी व परस्परांत बसणारी असल्याने त्यांना वासे आणि पट्ट्या कमी लागत. मात्र त्या सरळ आणि करवतीने कापलेल्या असाव्या लागत. म्हणजे लाकडाचे प्रमाण घटले तरी वखारीवरचे अवलंबन वाढले. नालीदार पत्र्याला त्याहूनही कमी लाकूड पुरे होते. पुढे लोखंडी अँगल व पाइप आल्यावर तेवढ्या लाकडाचीही गरज राहिली नाही. दुष्काळी तालुक्यांत पत्र्याचे छप्पर सर्वत्र दिसते. ते उन्हाळ्यात असह्य तापते, हे ठाऊक असूनही लोकांनी ते स्वीकारले. माळवदाची थंडावा देणारी जाड माती पेलण्याइतके लाकूड घेण्याची ऐपत राहिली नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

जिल्ह्याच्या उत्तर भागात हा बदल निराळ्या मार्गाने झाला. गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांनी आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे हा पट्टा बागायती केला. १९५० मध्ये लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसाच्या पैशाने उभे राहिलेले घर हे सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबचे घर होते. त्यात लाकूड दारे, खिडक्या आणि चौकटी यांपुरते उरले. तथापि स्लॅब ओतताना आधारासाठी फळ्या आणि बल्ल्या लागतातच. निलगिरी आणि सुरू यांच्या बल्ल्यांना त्यामुळे नवी मागणी निर्माण झाली. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात शेतकऱ्यांनी निलगिरी आणि सुबाभूळ लावली. या लाकडाने बांधकामाची तात्पुरती गरज भागविली, पण घराच्या कायम अंगात त्याला स्थान मिळाले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानेही घराविषयीचे मत बदलले. लातूर-उस्मानाबाद भागातील घरे जामखेड-कर्जतकडील घरांसारखीच दगडमातीच्या भिंतींची व माळवदाची होती. भूकंपात भिंती कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. मात्र अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिल्याचे तज्ज्ञांच्या पाहणीत दिसून आले. दोष जड माती आणि कच्च्या दगडी भिंतींचा होता. लोकमानसात मात्र संपूर्ण माळवदी घरच असुरक्षित ठरले आणि त्याबरोबर लाकडी सांगाड्याचे शहाणपणही विस्मृतीत गेले.

स्वातंत्र्योत्तर कायदे आणि आयात लाकूड

स्वातंत्र्यानंतर लाकडाविषयीचे नियमन अधिक व्यापक झाले. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, अंजन, हिरडा यांसारखी अनुसूचित झाडे खाजगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमिनीचा अन्य वापर केंद्राच्या मान्यतेवर अवलंबून ठेवला. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने कार्य-आयोजनेशिवाय होणारी वनतोड आणि परवान्याविना चालणाऱ्या आरा गिरण्या यांना देशभर आळा बसला. पर्यावरणाच्या दृष्टीने हे निर्णय आवश्यक होते, यात संशय नाही. परंतु देशी लाकडाचा पुरवठा त्यामुळे मर्यादित झाला आणि आयातीचे महत्त्व वाढले.

महाराष्ट्रातील अनेक शहरांत लाकडाच्या वखारी आणि आरा गिरण्या कच्छी पटेल समाजाच्या व्यापाऱ्यांनी विकसित केल्या. तेथे एका बाजूला चंद्रपूर-बल्लारपूरचे सागवान, तर दुसऱ्या बाजूला कांडला बंदरातून येणारे मलेशियाचे, म्यानमारचे, आफ्रिकेचे आणि न्यूझीलंडच्या पाइनचे लाकूड, असा माल दिसू लागला. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२१ मध्ये कंटेनरची टंचाई आणि वाढलेले सागरी भाडे यांचा भार आयात लाकडावर पडला. दूरच्या देशातील निर्णयाने नगरच्या गिऱ्हाइकाची चौकट महाग व्हावी, ही स्थिती १९४२ मध्ये होती आणि २०२१ मध्येही ती कायम होती. फरक एवढाच की, या वेळी संपूर्ण छत नव्हे, तर दारे-खिडक्याच पणाला लागल्या होत्या. त्याही आता लोखंडी, ॲल्युमिनियमच्या किंवा फ्लश प्रकारच्या होत आहेत.

गरिबांच्या घराच्या संदर्भात हा बदल पूर्ण झाला आहे. २०१६ पासून राबविल्या गेलेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट प्रदेशासाठी प्रति घर १,२०,००० रुपये साहाय्य आणि किमान २५ चौ. मी. क्षेत्र निश्चित करण्यात आले. एवढ्या रकमेत सागवानी खणाचा विचारही संभवत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने अकोल्यातील आदिवासींना गौण वनोपजावरील हक्क दिला; परंतु त्या व्याख्येत इमारती लाकूड येत नाही. १८७८ मध्ये घराच्या मेढीवरील जो हक्क गेला, तो याही कायद्याने परत आलेला नाही.

झाड राखणे आणि वाडा मोडणे

टंचाईला समाजाने दिलेल्या प्रतिसादांत दोन परस्परविरोधी प्रवाह आढळतात. पहिला झाडे राखण्याचा. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ पूर्वी दारूच्या भट्ट्यांसाठी यादवबाबा मंदिराचे लाकूडही जाळले गेले होते, असे त्या गावाच्या परिवर्तनाच्या वृत्तान्तांत नमूद आहे. देवळाचे लाकूड जळणात जाणे हे गावाच्या नैतिक अवनतीचे जसे लक्षण होते, तसेच उजाड शिवाराचेही होते. अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेले कार्य आणि १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने स्वीकारलेली कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांनी एक गोष्ट सिद्ध केली. गावाने स्वतः घातलेला निर्बंध पाळला जातो, कारण त्याचे फळ गावालाच मिळते.

दुसरा प्रवाह वाडे मोडण्याचा. सागाचे भाव वाढल्यापासून जुन्या लाकडाला मोठी मागणी आहे. शंभर-दीडशे वर्षांचे मुरलेले सागवान वाळवीला दाद देत नाही आणि पिळवटतही नाही. वारसदार शहरात स्थायिक झालेले, दुरुस्तीचा खर्च न परवडणारा, माळवद घडविणारे कारागीर उरलेले नाहीत. अशा स्थितीत वाडा पाडून त्याचे खांब, तुळया, गणेशपट्टीची चौकट घनफुटाच्या हिशेबाने विकणे मालकाला फायद्याचे वाटते. उभ्या वाड्यापेक्षा मोडलेल्या वाड्याचे मोल अधिक ठरते. हे लाकूड पुढे हॉटेलांच्या व बंगल्यांच्या सजावटीत दिसते. पूर्वीही जुने लाकूड नव्या घरात जात असे, परंतु ते त्याच गावात व त्याच कुटुंबात राही. आता ते गावाबाहेर जाते आणि त्याबरोबर जिल्ह्याच्या वास्तू-इतिहासाचे एक प्रत्यक्ष साधन नष्ट होते. खांबाच्या घडणीवरून, तुळईच्या जातीवरून, खणाच्या मापावरून जे समजू शकते, ते कागदपत्रांतून मिळत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अहमदनगर जिल्ह्यात इमारती लाकडाची टंचाई ही मूलतः भौगोलिक असून खण, माळवद आणि आखूड तुळई ही तिच्याशी जुळवून घेणारी रचना होती. या रचनेला मागासलेपणाचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल.

२) १८७८ चा वन कायदा आणि त्याच वर्षी सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग यांनी टंचाईचे स्वरूप बदलले. लाकूड हक्काकडून परवान्याकडे आणि परवान्याकडून बाजाराकडे गेले. रोख पैसा असलेल्यांची अडचण त्यामुळे कमी झाली, तर इतरांची वाढली.

३) कौल, पत्रा आणि स्लॅब हा क्रम आधुनिकतेच्या आवडीबरोबरच लाकूड परवडेनासे झाल्याचाही इतिहास आहे. या क्रमात घर पक्के झाले. परंतु स्थानिक साहित्य, स्थानिक कारागीर आणि हवामानाला अनुरूप असा थंडावा यांना ते मुकले.

४) केवळ तोडीवरचे निर्बंध टंचाई दूर करू शकत नाहीत. स्वतःच्या बांधावर लावलेले झाड पुढे आपल्याला घरासाठी सहज वापरता येईल, असा विश्वास असेल तरच शेतकरी ते वाढवील. बांबूला २०१७ मध्ये वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वनेतर क्षेत्रापुरते वगळण्यात आले; शेतावरच्या अन्य लाकडाबाबतही असा विचार होणे इष्ट आहे.

५) जिल्ह्यातील शिल्लक वाडे आणि माळवदी घरे यांची मोजमापे, लाकडाच्या जाती व रचनेचे तपशील यांसह नोंद करण्याचे काम तातडीचे आहे. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र या विभागांना ते संयुक्तपणे, आपापल्या तालुक्यापुरते, करता येण्यासारखे आहे. गावात अद्याप उभा असलेला प्रत्येक खण हे या इतिहासाचे अस्सल साधन असून लाकडाच्या प्रत्येक भाववाढीबरोबर ते कमी होत आहे.